भाईनं रुमालाखाली झाकलेली कॅन

आमच्या भाईच्या प्यांटीला कायम भोकं असायची. बॅटरीतल्या तेजाबाची. ईदला नवी प्यांट शिवली की आठ दिवसात मांडीवर शेंगदाण्याएवढं भोक. मैमूनाभाभी म्हणायची, "इस आदमी को कपडा नको, पत्रा शिवा." भाई हसायचे अन् तीच प्यांट घालून दुकानात जायचे.

भाई म्हणजे चांदपाशा. आष्टीत बस स्टँडजवळ इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान होतं ते. मी त्यांची धाकटी बहीण नाहिद. भाई सप्टेंबरात गेले. दुकानातच छातीत दुखलं, जालन्याला नेता नेता रस्त्यातच संपलं. माझं शिक्षण सातवी, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. घरी आम्ही उर्दू बोलतो पण लिहायचं म्हणलं की मराठीच येते. मोबाईलवर बोटानं दाबून राह्यले, चुकलं तर समजून घ्या. हे आष्टीच्या लोकांनी वाचायचंय. का ते शेवटी कळंल.

अब्बा गेले तवा मी चौथीत होते अन् भाई वीस वर्षाचे. परतूरला एका ट्रक इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली होते, सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे. येताना कागदाच्या पुडीत मुरमुरे आणायचे माझ्यासाठी. पुडीला बी तेजाबाचा वास. मी म्हणायचे, "भाई, मुरमुरे आंबट लागतेत." भाई म्हणायचे, "नींबू मारा उसने." मी लई दिवस ते खरं धरलं.

पुढं त्यांनी आष्टीत दुकान टाकलं. त्यांचं काम करायचं एक वळण होतं. नुसता मीटर लावून ते कधी बोलले न्हाई. कुणी म्हणलं, चांदपाशाभाऊ, मीटर बारा दाखवतो तरी इन्व्हर्टर टूं टूं करतो, तर भाई म्हणायचे, "बसलेला प्रत्येक माणूस पैलवानच दिसतो. पोतं उचलायला लावा, मंग बघू." त्यांच्याकडं जीपच्या लाईटचा एक बल्ब होता, दोन वायरी अन् दोन चिमटे लावलेला. तो बॅटरीवर टाकायचा, चहा सांगायचा, अन् चहा होईस्तोर मीटरकडं बघत बसायचं. आकडा जागेवर राह्यला तर बॅटरी ठीक. झरझर खाली आला तरी लगेच बॅटरीला नाव ठेवायचं न्हाई. आधी वायर बघायची. टोकाला पांढरं-हिरवं साचलं असंल तर गरम पाण्यात सोडा टाकून धुवायचं, नट आवळायचा, व्हॅसलीन लावायचं. मंग चार्जिंग बराबर चढती का ते बघायचं. सगळ्यात शेवटी बॅटरीचे सहा खाने एकेक करून तपासायचे. "बॅटरी को सबसे आखिर में बदनाम करो," असं म्हणायचे.

जांबच्या रामनवमीच्या उत्सवाच्या आधी माईकची बॅटरी भाईच्या नजरेखालून गेल्याशिवाय तिकडं जायची न्हाई. एवढी जबान होती त्यांची. ती मी घालवली.

आमचे मालक हैदराबादला बेकरीत कामाला असतात. मी घरी अंडे उबवायची मशीन टाकलेली. तीनशे अंड्याची. बचत गटातल्या बाया आपापले गावरान अंडे आणून द्यायच्या, एकवीस दिवसानं पिल्लं घेऊन जायच्या. दहा पिल्लं निघाली की एक माझं, असं ठरलेलं. कुणाचं अंडं कोणतं ते कळावं म्हणून अंड्यावर पेन्सिलनं खूण करायची. सगळ्यांना लिहिता येत न्हाई. चतुराबाईचं तुळशीचं पान, शालूची फुली, बेबीनंदाचे दोन टिकले, अशा खुणा.

मशीनला लाईट सारखी पाहिजे. म्हणून भाईनं इन्व्हर्टर अन् मोठी पाण्याची बॅटरी बसवून दिली. बसवताना मला समोर बसवून सांगितलं. टोपणातून लाल काड्या वर आलेल्या दिसतात, त्या खाली गेल्या की पाणी कमी झालं समजायचं. पाणी टाकायचं ते फक्त बॅटरीचं. पाच लिटरची कॅन दिली, निळं सील असलेली. मार्करनं तिच्यावर लिहिलं, नाहिद घर. "जार का पानी नको डालना गे. कुएं का नको, नल का नको, जार का तो बिलकुल नको. वो बोअर का पानी ठंडा करके देते. उसमें क्षार रहता, पलेट को खा जाता." अन् दुसरं सांगितलं, इन्व्हर्टर वेळेच्या आधी वरडला तर त्याच दिवशी फोन कर.

मी हो हो केलं. शिकलेल्या बाईसारखी मान हलवली.

गणपतीच्या टायमाला काड्या खाली गेल्या. मी कणिक मळत होते. हात कणकेचे, कॅन पलंगाखालून ओढली, सील नखानं निघंना. बाजूलाच पाण्याचा जार होता. त्या जारचं पाणी आम्ही विकत घेतो, पाहुण्याला देतो, लेकराला देतो. मी म्हणलं माणसाला चालतं ते डब्याला चालत न्हाई का. मगानं ओतलं. काड्या वर आल्या. वरून जरा सांडलं बी, ते फडक्यानं पुसलं. कॅन परत पलंगाखाली ढकलली. मंग दिवाळीत परत तेच, अन् डिसेंबरात परत तेच. एकदा केलेलं चाललं ना, मंग सवयच लागली.

डिसेंबरच्या शेवटाला इन्व्हर्टर वरडायला लागला. लाईट जाऊन तास झाला न्हाई की टूं टूं. आधी हाच इन्व्हर्टर रात्र रात्र खेचायचा. मला फोन करायला पाहिजे होता. पण फोन केला तर भाई येणार, आले की पह्यलं विचारणार, पानी कौनसा डाली. मी फोन केला न्हाई. आवाज यायचा त्या भोकावर चिकटपट्टी लावली, जखमेवर लावतेत ती. आवाज दबला. मला लई हुशार वाटलं होतं तवा.

जानेवारीत एका संध्याकाळी डीपी जळाली अन् गावाची लाईट गेली. अंड्यांचा अठरावा दिवस होता. दोनशे ऐंशी अंडे मशीनमध्ये. तीन दिवसात चोची लागणार होत्या. मी इन्व्हर्टरवर मशीन चालू हाय एवढं बघितलं अन् झोपले. पहाटं फजरच्या नमाजाला उठले, अंडे बघायला गेले तर मशीनवरचा आकडा विझलेला. दार उघडलं तर आत गार. थंडी तर तुम्हाला माहीत हाय जानेवारीतली. मी हात घातला, अंडे नदीतल्या गोट्यासारखे लागले.

बचत गटात गोष्ट लपत न्हाई. सात वाजेस्तोर माझ्या अंगणात सगळ्या बाया. चतुराबाई गटाच्या अध्यक्ष, त्यांनी मोबाईलची टॉर्च लावून एकेक अंडं बघितलं. "हे हलंना. हे बी हलंना. अगं बाई, हे तर पुरं झालतं पिल्लू." प्रत्येक अंडं परत जागेवर ठेवायच्या, जसं काही अजून उबवायचंय.

शालू म्हणली, "इन्व्हर्टर कशाला बसवलता मंग? शोभेला?"

मी म्हणलं, "बॅटरीच बसली माझी. मी काय करू."

ते पह्यलं खोटं. दुसरं पुढं हाय.

भाई आले. बायांनी वाट दिली पण एकीनं बी बसा म्हणलं न्हाई. भाईनं मीटर लावला. मीटर म्हणला अकरा पॉइंट आठ. बल्ब टाकला, तर बल्ब आधी पिवळा, मंग लाल, अन् आकडा दहाच्या खाली. शालू म्हणली, "बल्बालाच झोप आली." कुणीतरी हसलं. भाईनं वायरीचं टोक बघितलं, नट हलवून बघितला. मीटर आधी बॅटरीच्या टोकावर लावला, मंग इन्व्हर्टरकडल्या वायरीवर लावला, दोनीकडं आकडा सारखा. म्हणजे वायरीत खोट न्हाई. मंग त्यांनी काचेची नळी काढली, वर रबराचा फुगा असती ती. एकेका खान्यातलं तेजाब ओढायचं अन् आतली कांडी कुठपर्यंत तरंगती ते बघायचं. पह्यल्या खान्यात कांडी थोडी वर. दुसऱ्यात खाली. तिसऱ्या अन् चौथ्यात कांडी पार बुडाला टेकली. नुसतं पाणीच राह्यलं होतं आत.

भाईनं माझ्याकडं न बघता विचारलं, "पानी कौनसा डाली?"

अंगणात अकरा बाया. मी म्हणलं, "तुम दिये सो."

भाई नळी ठेवायला खाली वाकले. पिशवी पलंगापाशी होती. पलंगाखाली कॅन होती, माझं नाव वरच्या बाजूला, निळं सील जसंच्या तसं. कंपनीतून आली तशी. भाईनं ती बघितली. मी भाईला बघताना बघितलं. त्यांच्या खांद्यावर रुमाल होता, चौकड्याचा. त्यांनी तो काढला, कॅनवर टाकला, अन् कॅन रुमालासकट उचलून पिशवीत घातली.

मंग उभे राहून बायांना म्हणले, "बॅटरी माझी खराब निघाली. गल्ती माझी हाय."

शालू म्हणली, "सख्ख्या बहिणीला बी जुनाच माल दिला का चांदपाशाभाऊ?"

त्यांना बोलता आलं असतं. जबानीला लई तेज होते ते, बस स्टँडवर कुणाला ऐकत नसायचे. त्या दिवशी फक्त एवढं म्हणले, "तुमचे अंडे भरून देतो ताई."

चतुराबाई म्हणल्या, "अंडे भरशील रे बाबा. अठरा दिवस कुठून भरशील?"

मी तिथंच होते. चुलीपाशी उभी. एक शब्द बोलले न्हाई.

पुढचे दहा-बारा दिवस भाई गाडीवर फिरले. दुकान अर्धा दिवस बंद. खेड्याखेड्यात जाऊन गावरान अंडे गोळा केले. मागं दोन डबे बांधायचे, त्यात भुसा, भुशात अंडे. खड्ड्यातून गाडी चालवायचे न्हाई, ढकलत न्यायचे. दोनशे ऐंशी पुरे करून आणले. अन् आणून माझ्याच अंगणात बसले, पेन्सिल घेऊन. चतुराबाईचं पान, शालूची फुली, बेबीनंदाचे टिकले, जिचे जेवढे होते तेवढ्यावर तशी खूण. पान त्यांना जमंना, झाडूसारखं व्हायचं. मला म्हणले, "देख, तुलसी हुई क्या?" मी म्हणलं, "हुई." तवा तरी बोलायला पाहिजे होतं. आम्ही दोघंच होतो.

नवी बॅटरी बसवून दिली. तिच्यासोबत नवी कॅन, ह्या वेळेला सील स्वतः काढून.

पण गावात जे बोलायचं ते बोलून झालं होतं. चांदपाशानं बहिणीला फसवलं, मंग तुम्ही-आम्ही कोण. शालूच्या दिरानं घरची बॅटरी परतूरहून आणली. मंगल कार्यालयवाल्यांनी दुसरा माणूस लावला. जांबची माईकची बॅटरी त्या वर्षी दुकानात आलीच न्हाई. भाई दुकानासमोर बाजेवर बसलेले दिसायचे. मी बाजारातून येताना दुसऱ्या गल्लीनं यायचे.

एकदा ठरवलं सांगायचं. रमजान ईदला शीरखुर्मा घेऊन गेले. भाभी आत होती. मी म्हणलं, "भाई, वो पानी..." भाईनं वाटी तोंडाला लावली, पिऊन झाल्यावर म्हणले, "काडियां ऊपर हैं ना तेरी बॅटरी के?" मी म्हणलं, हैं. "बस फिर." अन् वाटी माझ्या हातात दिली. त्यांनी मला सोडवलं असं मी स्वतःला सांगितलं. घरी येऊन निवांत जेवले बी.

सप्टेंबरात ते गेले. मातीला गाव आलं, पण पह्यल्यासारखं न्हाई. बाया भेटायला आल्या. बेबीनंदा चांगल्या मनाची बाई, ती म्हणली, "एक अंड्याचं सोडलं तर कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई माणूस." भाभी बाजूला बसलेली. तिनं मान खाली घातली. मी बी घातली. वेगवेगळ्या कारणानं.

चाळिसाव्या दिवशी भाईच्या नावानं फातिहा पढून झाला, लोकं जेवून गेले. भाभी दुकानातलं सामान घरी आणून लावत होती. बल्ब, चिमटे, काचेची नळी. अन् कोपऱ्यात रुमाल घातलेली कॅन. भाभीनं रुमाल ओढला, म्हणली, "ये देख, तेरे नाम की कॅन. भरी हुई हाय. तुझे देना भूल गये शायद."

आठ महिने ती कॅन त्यांनी दुकानात कुणाला दाखवली न्हाई, वापरली न्हाई, विकली बी न्हाई. मी खालीच बसले. सगळं सांगितलं. जार, चिकटपट्टी, अकरा बायांसमोर काय बोलले, रुमाल. भाभीनं तांदळाचं ताट पुढं ओढलं अन् निवडत राह्यली. मला वाटलं ऐकून राह्यली का न्हाई.

मंग ती म्हणली, "मैं उनको बोली थी." ताट खाली ठेवलं. "सगी बहन को पुराना माल दिये, शरम नहीं आई, बोली. कितने बार बोली. बच्चियों के सामने बोली. वो सुन के बाहर जाते थे."

मी तिचे पाय धरायला गेले. तिनं पाय ओढून घेतले.

"मेरे को बोल के क्या करती? जहां जहां उनका नाम खराब हुआ ना, वहां जाके बोल. मराठी में बोल. सबको समझना."

मी उठले. दारात तिनं हाक मारली अन् कॅन माझ्या हातात दिली. "ले जा. तेरी हाय."

शुक्रवारी गटाची मीटिंग होती, चतुराबाईच्या ओसरीवर. मी हप्ता गोळा व्हायच्या आधीच उभी राह्यले अन् बोलले. कॅन सोबत नेली होती, सील दाखवलं. मंग शालू म्हणली, "म्हणजे मी त्याला जुना माल म्हणले, ते..." ती पदर तोंडाला लावून घरात गेली.

चतुराबाई मला म्हणल्या, "तू वाईट हाईस असं मी म्हणत न्हाई. पण नाहिद, त्याच्या हयातीत तुला आठ महिने होते."

मी म्हणलं, "होते काकू."

"मंग आता ह्या ओसरीवर सांगून किती लोकांना कळंल?"

म्हणून हे लिहून राह्यले. बेबीनंदाचा पोरगा म्हणला गावाच्या ग्रुपवर टाक, मी टाकून देतो. मंगल कार्यालयवाल्यांनी वाचावं. शालूच्या दिरानं वाचावं. जांबला कुणाची ओळख असंल तर तिकडं बी पाठवा. चांदपाशानं कुणाला खराब बॅटरी दिली न्हाई. बॅटरी मी मारली, जारच्या पाण्यानं. अन् बोलले खोटं. माझ्या मशीनवर आता कुणी अंडे आणले न्हाई तरी माझं काही म्हणणं न्हाई.

काल बघितलं तर लाल काड्या खाली गेल्या होत्या. तीच कॅन घेतली. निळ्या सीलला नख लावलं. ते निघंना म्हणून त्या दिवशी मी सोडून दिलं होतं. काल चाकूचं टोक घातलं अन् फिरवलं. एक मिनिट बी लागलं न्हाई.